नवरा ३१व्या वर्षी एमबीबीएसला जॉर्जियाला जाऊन राहिला, माझ्या एकटीच्या पगारात घर निघेल का?

मास्तरीण_बेसा

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहून राहिली. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी झेडपीच्या शाळेवर आहे, सगळं कटून हातात ५४ हजार येतात. नवरा एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. म्हणजे होता, मागच्या महिन्यात राजीनामा दिला. बी.फार्म झालेला, वय ३१. आठ वर्षं नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसला, कधी दोन मिनिटं मिळाली कधी तेही नाही, आणि बारावीपासूनची एमबीबीएसची हौस काही गेली नव्हतीच. नीटची वयाची अट २०२२ मध्ये निघाली तेव्हापासून घरात पुस्तकं परत आली. २०२५च्या नीटला १७१ मार्क पडले, ओपनचा कटऑफ १४४ होता म्हणजे पास आहे, पण १७१ मध्ये इथं सरकारी सीट तर सोडाच, प्रायव्हेटची फी ऐकूनच आम्ही परत फिरलो. मग जॉर्जिया निघालं. सप्टेंबरात जायचं म्हणून राहिला.

सीताबर्डीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये एजंटचा सेमिनार होता तिथं आम्ही दोघं गेलो. समोसा, चहा, आणि एक लॅमिनेट केलेला कागद, 'संपूर्ण एमबीबीएस २४ लाखांत'. घरी आल्यावर मी तो कागद चौथीच्या पोरांना भागाकार शिकवते तसा फळ्यावर मांडावा तसा वहीत मांडला. फी वर्षाला ५,५०० डॉलर, सहा वर्षांचे ३३ हजार डॉलर. २४ लाखाला ३३ हजारानं भागलं तर डॉलर बहात्तर-त्र्याहत्तर रुपयाला पडतो. आणि बँक आज ९० सांगून राहिली! शिवाय हॉस्टेल-मेस फक्त पहिल्या वर्षाचं धरलेलं, ते खाली इतक्या बारीक अक्षरात की सासूबाईंचा चष्मा घ्यावा लागला. मी ९० नं धरलं तर फी ३० लाखाच्या जवळ, राहणं-खाणं महिन्याला ३०० डॉलर म्हटलं तर सहा वर्षांचे १९-२० लाख, वर तिकिटं, इन्शुरन्स, तिथलं रेसिडेन्स कार्ड वगैरे. ५० च्या खाली काही येत नाही.

आमचं असं आहे. बेशाला फ्लॅट, होम लोनचा हप्ता १८,२००. मुलगी ४ वर्षांची, शाळा अन ऑटो मिळून साडेपाच. किराणा, दूध, सिलेंडर १३ हजार. लाइटबिल मोबाईल ३ हजार. एलआयसी २,८००. सासूबाईंच्या गोळ्या अडीच हजार (त्या आमच्याकडेच असतात, सासरे आणि दीर काटोलकडे बगीचा पाहतात, अडीच एकर संत्रा, सातबारा सासऱ्यांच्या नावावर). खाली उरतात ९ हजार. त्यातून त्याला महिन्याला २७ हजार कुठून पाठवू? एफडी ६ लाखाची आहे, माझं सोनं आहे, त्याचा पीएफ आहे.

फीसाठी एज्युकेशन लोन घ्यायचं, ३० लाखाचं. एजंट म्हणे 'सहा वर्षं काहीच भरायचं नाही मॅडम, सर डॉक्टर झाले की सर भरतील'. मला तेच वाक्य रात्री झोपू देऊन नाही राहिलं. कोणी यातून गेलं असेल तर सांगा. त्याला जाऊ नको म्हणायचं नाहीये मला, हे आधीच सांगते.

निवृत्त_बँकवाला

ताई, ३४ वर्षं बँकेत होतो, शेवटची काही वर्षं लोन डेस्कवरच, म्हणून सविस्तर लिहितो. एजंटचं ते वाक्य अर्धं खरं आहे. कोर्स आणि त्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून धावत असतं. साधं व्याज असतं, चक्रवाढ नाही, तेवढीच मेहरबानी.

३० लाख सहा वर्षांत ५-५ लाख करून उचलले, दर साडेदहा धरा. सातवं वर्ष संपताना नुसतं व्याज १४ लाखाच्या वर झालेलं असतं, म्हणजे डोक्यावर ४४ लाख. ते १५ वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता येतो ४९ हजाराच्या आसपास. तुमचा आजचा अख्खा पगार. आणि मोरेटोरियम, म्हणजे हा बिनहप्त्याचा काळ, सातव्या वर्षी संपतं तेव्हा तुमचे मिस्टर कुठं असतील? सहा वर्षं तिकडं, मग बाहेरून शिकून आलेल्यांसाठीची इथली स्क्रीनिंग परीक्षा, मग इथं परत एक वर्ष इंटर्नशिप. बँकेचा पहिला हप्ता आणि त्यांचा पहिला खरा पगार यांच्या मधात वर्ष-दीड वर्षाचा खड्डा आहे, तो भरायची सोय आजच करून ठेवावी लागते. मी या डेस्कवर असताना लोकं फीचा हिशोब पक्का करून येत, या खड्ड्याचा कोणीच नाही.

उपाय एकच, जमेल तितकं व्याज चालू ठेवायचं. पहिल्या वर्षी ते महिन्याला ४,४०० च्या आतच असतं, जमण्यासारखं आहे. सहाव्या वर्षी २६ हजारावर जातं तेव्हा नाही जमणार, पण तोवर जितकं भरलं तितकं कमी. काही बँका चालू काळात व्याज भरलं तर दरात १ टक्का सूट देतात, मॅनेजरला स्वतःहून विचारा, तो आपणहून सांगेलच असं नाही.

आता तारण. साडेसात लाखाच्या वर बँक तारण मागतेच. काटोलच्या शेतीचं मनातून काढून टाका, शेतजमीन सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे, बँकेला ती जप्त करून विकता येत नाही म्हणून एज्युकेशन लोनला सहसा घेत नाहीत. एनए (बिगरशेती) प्लॉट, घर, एफडी, एलआयसी हे चालतं. बेशाच्या फ्लॅटवर आधीच होम लोन आहे, त्याच बँकेकडे गेलात तर उरलेल्या किमतीवर विचार करतील, दुसरी बँक हात लावणार नाही.

टॅक्सचं पण लोकं उगाच डोक्यात भरतात. इन्कम टॅक्समध्ये एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट आहे, नवराबायकोच्या शिक्षणाला पण आहे, ८ वर्षं, रकमेला मर्यादा नाही, पण जुन्या टॅक्स रिजीममध्येच. तुमच्या पगारावर नव्या रिजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्सच लागत नाही, मग वजावट कशातून घेणार. त्याच्यासाठी रिजीम बदलू नका. आणि शिक्षक पतसंस्थेचं कर्ज सोपं मिळतं हे खरं, पगारातून कपात म्हणून ते पण खुश, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, ते या वजावटीत बसत नाही आणि त्याला मोरेटोरियम पण नाही, पुढच्या महिन्यापासून कापायला सुरुवात.

बाहेर पैसे पाठवताना, वर्षाला १० लाखाच्या वर गेलं तरच टीसीएस (बँक आगाऊ कापते तो टॅक्स) कापतात (एप्रिल २०२५ पासून, आधी ७ होतं), आणि बँकेच्या एज्युकेशन लोनमधून थेट गेलेल्या पैशावर तो पण नाही. मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजतात. चुकून कापलाच तर तुमच्या टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये दिसेल, रिटर्न भरून परत मागायचा.

अबे_काऊन

ताई राग नका मानू पण ६ वर्षं तुम्ही गॅस सिलेंडर मोजायचे आणि हे साहेब डॉक्टर होऊन आल्यावर ओळख देतील का ते पाहा आधी. ३१व्या वर्षी कोणी एमबीबीएस करते का बाप्पा. मेडिकल स्टोर टाकून द्या त्याला, फार्मसी झालाच आहे.

मास्तरीण_बेसा

@अबे_काऊन दादा मेडिकल स्टोरचं मी पण म्हटलं होतं. तो म्हणे गल्लीत सहा आहेत, सातवं काऊन. ओळखीचं म्हणाल तर माझ्या डी.एड.च्या वेळेस फीचे पैसे त्यानं पहिल्या पगारातून भरले होते, लग्नाच्या आधी. तेवढ्यावर मी ६ वर्षं काढू शकते. प्रश्न पैशाचा विचारला आहे.

@निवृत्त_बँकवाला काका, ४४ लाखाचं गणित मी तीनदा करून पाहिलं. बरोबर आहे. रात्री नवऱ्याला दाखवलं, तो काहीच बोलला नाही, उठून गच्चीवर गेला.

वाडीचा_वायरमन

वहिनी, आमचं उलटं. माझी बायको एमबीबीएसला गेली होती, २०१८ला, बिश्केक, किर्गिस्तानात. जीएनएम नर्स होती. पोरगा तीन वर्षाचा. मी वायरमन, तेव्हा हातात ३५ यायचे.

पहिले सांगतो, तुमच्या एजंटनं लावलेला ७२चा भाव मी खरोखर भरला आहे. २०१८ मध्ये. २०२३ला शेवटची फी भरली तेव्हा ८३. फी एक डॉलर वाढली नाही तरी आमची फी वाढली. माझ्या पोराला पाढे यायच्या आधी डॉलरचा भाव समजत होता, सकाळी उठून विचारायचा बाबा आज किती. म्हणून हिशोब आजच्या ९० नं नका करू.

दर महिन्याला पगार झाला की बँकेत जायचं, ए-टू फॉर्म भरायचा, कशासाठी पाठवता ते लिहायचं, दरवेळेस नवीन मॅडम दरवेळेस नवीन प्रश्न, अर्धी सुट्टी जायची. मग मी तीन महिन्याचे एकदम पाठवायला लागलो, चार्जेस पण वाचले. पण तीन महिन्याचे एकदम हातात आले की तिकडं पण हात सुटतो हे मी सांगत नाही, बायकोच सांगते 😄

आता माझी चूक ऐका. मी तिचा विमा काढला होता, विद्यार्थ्यांचा वगैरे सगळा, स्वतःचा नाही. म्हटलं मला काय होते, मी तर इथंच आहे. २०२१च्या पावसाळ्यात पोलवरून पडलो, खांदा गेला, तीन महिने घरी. ओव्हरटाइम बंद, तिकडं मेसचे पैसे थकले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला सांगायचं की नाही तेच समजेना कारण तिची परीक्षा. आईनं पाटल्या काढून दिल्या, गोल्ड लोन केलं, ते लोन मी वर्षभर नुसतं रिन्यू करत बसलो. तर वहिनी, कमावतं माणूस घरात एकच होणार आहे आणि ते तुम्ही आहात. टर्म इन्शुरन्स तुमचा काढा, चांगला मोठा, तो जायच्या आधी. शिकणाऱ्याचा नंतर.

बाकी ती २०२४ला आली. एफएमजीई, म्हणजे काका म्हणतात ती स्क्रीनिंग परीक्षा, तिसऱ्यांदा निघाली. पहिल्या दोन वेळेस घरात कोणी बोललं नाही, पण बोललं नाही तरी ऐकू येते ना. परीक्षा वर्षातून दोनदाच, एकदा हुकली की सहा महिने गेले, आणि त्या सहा महिन्यात ती ना नर्स ना डॉक्टर. कोचिंग, टेस्ट सिरीज, दिल्लीला राहणं, ते पैसे आम्ही धरलेच नव्हते.

आता इंटर्नशिप चालू आहे. पोरगा तिला पहिले काही महिने 'अहो आई' म्हणे, म्हणजे पाहुण्यासारखं. आता भांडते तिच्याशी, म्हणजे ठीक झालं.

एफएमजी_नागपूर

मी पण फॉरेनचाच, सध्या नागपुरातच इंटर्न. पैशाचं वरच्या दोघांनी सांगितलं, मी नियमाचं सांगतो कारण तिथं चुकलं तर सगळेच पैसे पाण्यात.

वायरमन दादांच्या मिसेस २०१८च्या, त्यांना जुने नियम लागले. १८ नोव्हेंबर २०२१ला एनएमसीचे (नॅशनल मेडिकल कमिशन) नवीन रेग्युलेशन आले, सरांना ते लागतील. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीत, त्याच युनिव्हर्सिटीत वरून १२ महिन्यांची इंटर्नशिप, हे सगळं तिकडंच. शिवाय ती डिग्री घेऊन त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन मिळण्यासारखं पाहिजे, नुसतं 'आपल्या देशात जाऊन करा' टाइपचं नाही. मग इथं एफएमजीई, आणि इथं परत १२ महिने इंटर्नशिप. जॉइन झाल्यापासून १० वर्षांत हे सगळं बसलं पाहिजे.

आमच्या वेळेसचे एजंट सर्रास सांगायचे की तिकडची इंटर्नशिप इंडियात करता येते, शेवटचं वर्ष घरी. नाही करता येत. तुमचा एजंट असं काही बोलला असेल तर तिथूनच उठा. कोर्सचा कालावधी, भाषा, तिकडची इंटर्नशिप, तिकडचं लायसन या चार गोष्टी युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर लेखी घ्या, एजंटच्या नाही.

एफएमजीई ३०० मार्कांची, १५० पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण बऱ्याच सेशनला पाच जणांत एकच निघालेला आहे. घाबरवत नाही. बी.फार्म आणि ८ वर्षं एमआर म्हणजे फार्मॅक (औषधांचा विषय) सरांना पाठच असेल, पण ॲनाटॉमीत ते पण १८ वर्षाच्या पोरांच्याच बाकावर बसणार, आणि संध्याकाळी ती पोरं फिरायला जाणार तेव्हा सरांना घरचा व्हिडिओ कॉल असणार.

स्टायपेंड, महाराष्ट्रात सरकारी कॉलेजच्या इंटर्नला २०२४ मध्ये ११ चे १८ हजार झाले. बँकेचा ४९ हजाराचा हप्ता त्यातून कसा जाईल तुम्हीच पाहा.

एक चांगली गोष्ट, बाहेर शिकायला नीटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणजे याच सप्टेंबरात पळालं पाहिजे असं काही नाही. एजंटच घाई करतो.

निवृत्त_बँकवाला

इंटर्न साहेबांनी घाईचं बरोबर सांगितलं. एक राहिलंच, मुखत्यारपत्र. मिस्टर जायच्या आधी बँकेच्या कागदांसाठी, फ्लॅटसाठी, गाडीसाठी तुमच्या नावानं करून घ्या. नंतर तिकडून करायचं म्हटलं तर दूतावासात अटेस्ट करून पाठवावं लागतं, ते कुरियरनं येईपर्यंत इथली तारीख जाते. आणि शिकायला गेलेला माणूस पण फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) हिशोबानं एनआरआय होतो, त्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं खातं, करावं लागेल. तुमचा पगार आणि घराचे हप्ते त्या खात्याशी जोडलेले असतील तर आत्ताच वेगळे करा.

मास्तरीण_बेसा

चार दिवसांनी येऊन राहिली, शाळेत तपासणी होती. सगळ्यांचं वाचलं, दोनदा. नवऱ्यानं पण वाचलं, मी झोपल्यावर मोबाईल घेऊन. सकाळी मला म्हणे, हे वायरमन कोण आहेत गं.

शनिवारी मुलीच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर बसून दोघांनी परत मांडलं. त्यानं एका बाजूला स्वतःच लिहिलं, 'माझा गेलेला पगार'. ३८ हजार महिना, ८ वर्षं, साडेछत्तीस लाख. म्हणे मी हा आकडा कधी धरलाच नव्हता, मी फक्त फी मागत होतो तुला. मला पण सुचला नव्हता हे खरं.

तर आत्तापुरतं असं ठरलं. या सप्टेंबरात नाही, पुढच्या. स्कोअर चालतो तेवढा. त्याच्या जुन्या मॅनेजरनं दुसऱ्या कंपनीत शब्द टाकला आहे, वर्षभर तो पगार पूर्ण बाजूला, घरात एक रुपया वापरायचा नाही. ते पैसे आणि पीएफ काकांनी सांगितलेल्या खड्ड्यासाठी, त्याला हात लावायचा नाही, पाटल्या निघायची वेळ आली तरी नाही (वायरमन दादा 🙏). माझा टर्म इन्शुरन्स, मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे. एजंटला इंटर्न सरांच्या चार गोष्टी लेखी मागितल्या तर त्याचा फोन लागून नाही राहिला.

आणि महिन्याच्या २७ हजाराचं. मी जिल्हांतर्गत बदलीत काटोल तालुका भरणार आहे. काटोल नागपूर जिल्ह्यातच आहे, शाळा मिळाली तर मी, मुलगी, सासूबाई तिकडच्या घरी राहू, सासरे तसे पण एकटेच चुलीवर भाकरी थापत असतात. बेशाचा फ्लॅट भाड्यानं जाईल, वरच्या मजल्यावरचा ११ हजाराला गेला आहे. किराण्यात पण फरक पडेल. ९ अन ११ झाले २०, वर ५ जरी वाचले तरी २५. दीर म्हणे उरलेलं मी संत्र्याच्या आंबिया बहारातून पाहतो, पण मागच्या वर्षी फळगळीनं अर्धा बगीचा खाली पडला होता, म्हणून ते मी वहीत लिहिलं नाही.

बदली होईल की नाही ते बदलीचं पोर्टल जाणे. मुलीची शाळा बदलेल, तिथं ऑटो नाही, सासरे सायकलवर सोडतो म्हणतात. सासूबाई मात्र एकदम खुश, त्यांना बेशाला लिफ्टची भीती वाटते.

अबे_काऊन

ताई, मेडिकल स्टोरचं मागे घेतो. काटोलला माझा मामा आहे, घराचं काही लागलं तर सांगा.

वाडीचा_वायरमन

वहिनी, एकच विचारतो. नवीन हिशोबात डॉलर किती धरला?

मास्तरीण_बेसा

९५ धरला होता. नवऱ्यानं खोडून १०० केला.